काळा मेंढा

बाप आत घरघरत पडला होता. बाहेर इनामदाराचा गडी आमच्या काळ्या मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवत होता. फिरवत कसला, दाबत होता. मांस किती आहे ते बघत.

“म्हातारा कवर काढंल?” त्यानं मला विचारलं.

आये त्याच्यासाठी गूळपाणी घेऊन बाहेर आली.

रीतच होती तशी. इनामाच्या रानात आमची मेंढरं चरायची, म्हणून घरातलं थोरलं माणूस मेलं की कळपातलं सगळ्यांत चांगलं जनावर धन्याचं. आज्याच्या वेळी गेलं. कायद्यानं इनामं गेली म्हणत होते, पण रान त्याच्याच ताब्यात होतं. माझी मास्तरकीही त्याच्याच शब्दानं लागलेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात इतिहास. युरोपातली सरंजामशाही. वर राजा, मग सरदार, सगळ्यांत खाली जमिनीला बांधलेलं कूळ. मी सांगून गेलो, “कूळ मेलं की सरदार त्याच्या घरातलं सगळ्यांत चांगलं जनावर घेऊन जाई.”

पहिल्या बाकावरून इनामदाराचा नातू उठला. “गुर्जी, मंग तुमचा काळा मेंढा आमचाच की वो!”

वर्ग हसला.

मीही हसलो.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बाप जिवंत होता आणि मी हसलो.

त्याच आठवड्यात बाप गेला. माती देऊन आलो तर गडी दारात. हातात दोर.

“दिऊन टाक रं,” आये म्हणाली. “ह्याच गावात ऱ्हायाचंय.”

मी मेंढ्यापुढं उभा राहिलो. “नाय मिळायचा.”

“मास्तर, नोकरी कुणामुळं हाय?”

“ती घिऊन जा. मेंढा नाय.”

तो चिडला नाही. दोर सावकाश गुंडाळला. आयेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“म्हातारी हाय न्हवं अजून. यिऊ परत.”

नोकरी गेली. रान बंद झालं. मेंढरं निमगाव साव्याला मामाकडं न्यावी लागली. आये मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. ते ओझं माझंच.

ती गेली त्या दिवशी गडी खरंच आला. म्हातारा झालेला, पण दोर होताच. माझ्या बायकोनं सवयीनं पाण्याचा तांब्या उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

आता पाळी माझी. पोरांना सांगून ठेवलंय. दोर घेऊन येईल त्याला जनावर द्यायचं नाही. पाणीही नाही.