देव नळदुर्गला गेला होता

अणदूरला खंडोबाच्या देवळात पोचलो, तेव्हा देव तिथं नव्हता. वर्षातले काही महिने तो पालखीत बसून नळदुर्गच्या देवळात मुक्कामाला जातो. आसपासच्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं, पण आम्ही येडशीचे शहाणे कुणाला न विचारताच एसटीत बसलो होतो. माझ्या कडेवर अडीच वर्षांची आराध्या होती. तिच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. "आमच्या घरात सगळीच उशिरा बोलतात," असं सासूबाई म्हणायच्या आणि मी वरवर मान डोलवून आतल्या आत जळायचे. तिला वाचा फुटावी म्हणून नवस बोलायला आम्ही आलो होतो. खरं सांगते, त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं मला देवाचा रागच आला. बरा आमच्याच वेळेला गावाला गेलास, असं मनात म्हणूनही घेतलं. सासूबाई मात्र नळदुर्गच्या एसटीकडं चालू लागल्यासुद्धा.

गाडीत शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या, बोलण्यात मधूनच कानडी हेल डोकावणाऱ्या. वाटेत ड्रायव्हरनं कर्कश हॉर्न वाजवला, तसं पुढच्या सीटवरचं तान्हं दचकून रडायला लागलं. आराध्या निवांत खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी तिच्या डोक्यामागं दोनदा टाळी वाजवली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"लेकीला ऐकू येत न्हाय वाटतं, बाई. राग धरू नका."

माझं डोकं सणकलं. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाय वं, आजी हाय. माझ्या नातीचं असंच व्हतं. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात ल्हान लेकरांची वाढ तपासत्यात, कान बी बघत्यात. आधी तिथं जावा. आता ती माझ्याशीच लई भांडती."

त्या उतरून गेल्या, मी नावही विचारलं नाही. नळदुर्गला देवापुढं उभी राहिले, तर ठरवून आणलेला नवस काही ओठांवर येईना. जे पुढं आणशील ते करीन, एवढंच म्हटलं. रडू मात्र आवरलं नाही.

धाराशिवच्या तपासणीत तिचे दोन्ही कान फार कमजोर निघाले. कानाच्या मशिनी बसल्या, बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडं दर आठवड्याला जाणं सुरू झालं. आधी "मशिनी बघून लोक काय म्हणतील?" म्हणणाऱ्या सासूबाई, नंतर चुलीपुढं बसून नातीला भांडी वाजवून दाखवायच्या, तोंडाचा चंबू करून आवाज काढायच्या. महिने गेले. कित्येकदा वाटलं, हे काही होत नाही. तरी गाडी चुकवली नाही.

आणि एका सकाळी आंघोळीआधी मशीन काढायला मी हात नेला, तर आराध्यानं तो घट्ट धरला.

"नको," ती म्हणाली.

तिला ऐकायचं होतं. सासूबाई आतून ओरडल्या, "कोण बोललं गं?"

"तुमची नात!" मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसत-रडत तिच्याकडून पुन्हा पुन्हा तेच वदवून घेत बसलो. तीही मोठ्या तोऱ्यात प्रत्येक वेळी नकार देत होती.

त्या दिवशी देव अणदूरला भेटला असता, तर नवस बोलून आम्ही समाधानानं घरी परतलो असतो आणि वाट बघत राहिलो असतो. आता मी त्याच्याकडं काही मागत नाही. हात जोडते आणि तो नेईल तिकडं लेकीचं बोट धरून जाते.