क्लच जड झालाय

इटलीतल्या मुरालियोनेच्या घाटमाथ्यावर बाइकवाल्यांची रविवारची सगळी टोळी कॉफी पीत उभी होती, आणि ओरिआनो मात्र आपल्या लाल डुकाटीवर चडफडत बसला होता. "क्लचच मेला जड झालाय!" केबल बदलून झाली, प्लेटा बदलून झाल्या, तरी लिव्हर दाबताना त्याच्या बोटांतून कळा येतच होत्या.

"सरक म्हाताऱ्या! बाइक खोलायची अक्कल नाही आणि म्हणे क्लच जड!" असं म्हणत त्याचा जुना दोस्त लेआर्को पुढे आला. त्याने दोन बोटांनी लिव्हर दाबला. तो अलगद आत गेला. लेआर्कोची नजर ओरिआनोच्या सुजलेल्या सांध्यांवर गेली.

"खरंय रे तुझं," तो हळूच म्हणाला, "फारच जड आहे."

ओरिआनोच्या काळजात धस्स झालं. बाइकच्या बाबतीत लेआर्कोने आजवर त्याचं एकही म्हणणं खरं मानलं नव्हतं.