कळशी रिकामी होती, तरी हात दुखला

बायांनो, आज घाटावर चारचौघींत माझी शोभा झाली. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून सांगतेच.

उन्हाळ्यात पंचगंगेवर आपल्या महाराजांचे हत्ती अंघोळीला आणले होते. त्यातला एक एकदम चित्कारला, मी दचकले आणि भरल्या कळशीसकट पायऱ्यांवरून खाली आले. उजवा हात मोडला. आता हाडवैद्यानं पट्ट्या सोडल्यात. हाड चांगलं जुळलंय म्हणतो.

मग दुखतो कशाला? घरात फारसा दुखतच नाही. पाण्याला जायचं म्हटलं की मात्र खांद्यापर्यंत ठणका लागतो.

सासूबाईंना तेवढंच पुरलं. "भाकरी थापताना हात नीट चालतोय, आन् कळशी दिसली की दुखतोय व्हय गं?"

आज मला घाटावर घेऊनच गेल्या. हत्ती नव्हता, गर्दी नव्हती. मी पडले होते त्या पायरीशी आले आणि हातात अशी कळ आली, की कळशी सुटली. ठणठणत पार पाण्यापर्यंत गेली.

शेजारच्या आक्का ओरडल्या, "अगं बाई, रिकामी कळशी बी पेलंना व्हय तुला?" सगळ्या हसल्या.

हसा की! कळशी रिकामी होती, हे मलाही ठाऊक आहे. पण डोळ्यांतलं पाणी काय मी घरून आणलं होतं?

हाडवैद्य हाड बघतो, सासूबाई कळशी बघतात. ती पायरी आली की माझ्या कानात तो हत्ती पुन्हा चित्कारतो, तो मी कुणाला दाखवू?