भागूची काळ्या तारांची गिटार

भागू,

तुझी प्रतिभा परवा येऊन गेली. कॉलेजच्या अंकासाठी तिला बापावर लेख हवा आहे. "बाई, तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांना शाळेपासून ओळखता," म्हणाली. "एक गिटार, एक वायर, एक अ‍ॅम्प्लिफायर, एवढ्यावर बाबांनी फडात बारा वर्षं काढली. इतका समाधानी माणूस मी पाहिला नाही." मी हो म्हटलं आणि तिला चहा दिला. ती गेल्यावर लिहायला बसले, तर पहिलंच वाक्य खोटं निघालं. म्हणून आधी तुला लिहिते आहे. तुला सगळं ठाऊक आहे, तिला नाही. वाच, आणि तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

घोडेगावला मी विज्ञान शिकवायचे तेव्हा तू डिंभ्याच्या वरच्या डोंगरातून आलेलं पोर होतास, चार भातखाचरांच्या घरातलं. बाकीची पोरं विजेच्या व्याख्या पाठ करायची, तू शाळेची घंटी उघडून बसायचास. दहावीला इंग्रजीत आपटलास आणि नारायणगावला गेणभाऊंच्या तमाशाच्या फडात वायरमन म्हणून लागलास. जनरेटर, दिवे, कर्णे, सगळं तुझ्याकडे. मी निवृत्त होऊन वारूळवाडीला घर बांधलं, तेव्हापासून फडाची गाडी बाहेर निघाली की तू माझ्याकडे चहाला थांबायचास.

तमाशात तोवर सिनेमाची गाणी शिरली होती आणि गाण्यांबरोबर बेस गिटार. लोक तिला जाडी गिटार म्हणायचे. वाजवायचा राजुरीचा रखमाजी. तो जेवायला गेला की तू खोक्यावर बसून त्याची गिटार हळूच छेडायचास. त्याला ते माहीत होतं. तो मुद्दाम सावकाश जेवायचा.

शहाण्णव सालचा चैत्र. पठारावरच्या एका गावची यात्रा, दुसरा दिवस. रात्रीच्या तमाशानंतर सकाळी उन्हात हजेरीचा कार्यक्रम होतो, तो चालू होता. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिना आणि स्टेजवरच्या बोर्डाला भोकं दोन. तू पिन कापलीस, दोन उघड्या तारा भोकांत घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केल्यास आणि तिसरी, अर्थिंगची, मागे मोडून ठेवलीस. सगळेच तसं करत. तू स्वतः शंभरदा केलं असशील. त्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायरची बॉडी आतून करंट मारत होती. तो करंट वायरीतून गिटारच्या तारांत आला. रखमाजी तारांवर हात ठेवून फडातल्या गाणाऱ्या लंकाबाईला "हां बाई, मंग?" म्हणायला माइककडे वाकला आणि त्याचा ओठ माइकला चिकटला.

लोक हसले. त्यांना वाटलं, सोंग आहे. लंकाबाईलाही तसंच वाटलं, ती म्हणाली, "अगं बया, माइकचा मुका घेतोय!" मग तू धावलास आणि तारा उपटल्यास.

रखमाजी वाचला. ओठ भाजला, डाव्या हाताची दोन बोटं आखडली ती कायमची.

तिसऱ्या दिवशी तू माझ्या दारात आलास. दाराला बेल होती, तू ती दाबली नाहीस, कडी वाजवलीस. ते मी तेव्हाच पाहिलं.

"बाई, ती तिसरी तार म्याच मोडली व्हती. रखमाजीला ठावं न्हाई. त्यो म्हन्तो जनरेटर बिघाडला."

"कुणाला बोललास?"

"न्हाई."

"मग बोलू नकोस. सांगून त्याची बोटं सरळ होणार आहेत का? फडातून हाकलतील तुला, आणि उद्या पोलीसही दारात येतील."

हे मी म्हटलं. विचार न करता म्हटलं. उत्तर पटकन देता आलं की ते बरोबरच असतं, असं मला शिक्षकीची तीस वर्षं वाटत आलं होतं.

पुढे काय झालं? गेणभाऊंच्या सुपाऱ्या ठरलेल्या, गिटारवाला नाही. त्यांनी रखमाजीलाच विचारलं. तो आखडला हात फडक्यात घेऊन म्हणाला, "भागूला बसवा. त्याचा हात माझ्यापरीस गोड हाय." आता नाही म्हणायचं तर का नाही ते सांगायला हवं. तू कात्रीत सापडलास. रखमाजीची गिटार त्याची स्वतःची, त्याने ती घरी नेली. नवी घ्यायला गेणभाऊंनी तुला पुण्याला पाठवलं आणि तू मला बरोबर ओढलंस. "दुकानदार इंग्रजीत बोलला तर, बाई?"

त्या दुकानातला तू मला अजून दिसतोस. भिंतभर गिटारी लटकलेल्या, लाल, निळ्या, आरशासारख्या चकचकीत, आणि तू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. विकणारा पोरगा उत्साही. "दादा, ही घ्या. पाच तारांची, आत बॅटरी, चार नॉब. सगळे ऑर्केस्ट्रावाले हीच नेतात."

"हिला लोखंड किती हाय?"

"काय?"

"हाताला लागंल असं लोखंड."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "विचारतोय त्याचं उत्तर दे."

मागच्या बाजूला बसलेले म्हातारे मालक उठले. त्यांनी कोपऱ्यातून धुळीची एक गिटार काढली. तपकिरी, चार तारा, एकच नॉब. तारा काळ्या. "पोलादावर नायलॉन गुंडाळलंय," म्हणाले. "सात वर्षं पडून आहे. आवाज बोदा येतो, म्हणून कोणी घेत नाही." तू तारांना आधी पालथा हात लावलास. वायरमन संशयाच्या तारेला लावतात तसा, म्हणजे झटका बसला तर हात आवळून धरत नाही, बाहेर फेकला जातो. दुकानात ती गिटार कशालाच जोडलेली नव्हती, भागू. तरी मी श्वास धरला.

मग जोडून वाजवलीस. ढब, ढब.

पोरगा म्हणाला, "गादी झोडपल्यासारखं वाजतंय."

"हीच द्या."

त्याने आवाज बदलणाऱ्या पेट्या दाखवल्या, कमरेएवढा अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. तू एकेकाला मान हलवत गेलास. "एक डबा वाढला का एक पिन वाढली," म्हणालास. मालक खूश झाले. "असं गिऱ्हाईक पाहिजे, कमीत भागवणारं." येताना एसटीत तू गिटारच्या लोखंडी पट्टीवर सायकलची ट्यूब कापून चिकटवलीस. मंचर येईपर्यंत ती अंगठ्याने दाबून बघत होतास.

पहिल्या कार्यक्रमाला तू रबरी चपला घालून स्टेजवर चढलास. गेणभाऊ ओरडले, "ज्या फळ्यांवर आपण गण म्हन्तो तिथं पायतान? उतर आधी!" त्यांचंही चूक नव्हतं. फडात म्हातारे सोंगाडेसुद्धा त्या फळ्यांना हात लावून मग पाय ठेवतात. पण अनवाणी तू तारांना हातच लावेनास. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी मी माझ्या स्वयंपाकघरातला सागवानी पाट आणून दिला. कोरडं लाकूड, त्यातून करंट जात नाही, आणि देवाधर्माचीही हरकत नाही. लंकाबाई माइकवरच म्हणाली, "नवरदेव पाटावर चढला गं बाई! मामा, अंतरपाट धरा!" अख्खी यात्रा हसली. तू हसला नाहीस.

त्याच हजेरीला मी पुढे बसले होते, एवढ्या पुरुषांत एकटी पांढऱ्या केसांची. गाणं रंगात आलं आणि लंकाबाईने मध्येच ओठ माइकपासून बाजूला घेतला. घाम पुसला असेल. तू वाजवणं टाकून किंचाळलास, "बंद करा! जनरेटर बंद करा!" सगळं थांबलं. दिवसाढवळ्या हजार माणसं शिट्ट्या मारायला लागली. तू टेस्टर काढून माइकला लावलास. दिवा लागला नाही. पुन्हा लावलास, अ‍ॅम्प्लिफायरला लावलास, खांबाला लावलास. कुठेच काही नाही.

"झालं समाधान?" गेणभाऊ म्हणाले. "का माझ्या डोक्यालाबी लावून बघतोस?"

तू म्हणालास, "मालक, तरीबी आधी अर्थिंग." स्टेजमागे पहार ठोकलीस, तिच्यावर पाणी ओतलंस, तार गुंडाळलीस, आणि मगच पाटावर चढलास. पुढे बारा वर्षं प्रत्येक गावात हेच. तुझ्या फडात पुन्हा कुणाला झटका बसला नाही. बाकीच्यांकडे कीबोर्ड आले, पॅड आले, पेट्यांवर पेट्या आल्या. तुझं सामान होतं तेवढंच राहिलं. लोक तुला संत म्हणायला लागले. प्रतिभा त्याच लोकांचं ऐकून मोठी झाली.

नव्व्याण्णवला राजुरीतच कार्यक्रम होता. रखमाजी तेव्हा तिथे पिठाची गिरणी चालवायचा. तो पिठाचे हात झाडत पुढे येऊन बसला. त्याला पाहून वाजवताना तुझे सहा ठोके चुकले, मी मोजले. नंतर तो मागे भेटायला आला. उजव्या हाताने काळी तार दाबून बघितली.

"मऊ हाय रं. बरी लागती कानाला. अशी का घेतलीस?"

मी तुझ्याकडे पाहत होते. आता सांगेल असं वाटलं, आणि मी एक पाऊल मागे सरले. तू म्हणालास, "स्वस्तात मिळाली."

"हुशार हायेस," तो म्हणाला आणि तुझ्या पाठीवर त्याने तो वाकडा हात ठेवला. त्या रात्री तू जेवला नाहीस, असं लंकाबाईने मला नंतर सांगितलं.

मागच्या वर्षी फड कायमचा बसला. गावी जायच्या आधी तू माझ्याकडे आलास, गिटार गोधडीत गुंडाळलेली. म्हणालास, "बाई, रखमाजीला सांगून मगच डोंगराला जातो. पर तुमी चला संगं. गप बस म्हन्लेल्या तुमीच व्हत्या." बरोबर बोललास. मी गुरुवार ठरवला.

गुरुवारी आपण दोघेही वेळेवर नारायणगावच्या स्टँडवर होतो. दहाला बेल्ह्याची गाडी लागली, राजुरीवरून जाणारी. मी म्हटलं, "गर्दी फार आहे, पुढची घेऊ." गर्दी नव्हती, भागू. अकराची आली, निम्मी रिकामी. कंडक्टरने "आळेफाटा, राजुरी, बेल्हे" असं दोनदा ओरडून सांगितलं. मी पिशवीचे बंद सोडत-बांधत बसले आणि तू गिटारच्या गोधडीची गाठ बघत बसलास. गाडी गेली.

"बाई, च्या घिऊ?" तू म्हणालास.

आपण चहा घेतला. बाराची गाडी यायच्या आत तू तुझ्या डोंगराकडच्या, मंचरच्या गाडीत बसलास, आणि मी वारूळवाडीपर्यंत चालत आले.