अर्धं मसोतं

चुलीवरचं भांडं उतरवायला आमच्याकडे फाटक्या धोतराचं फडकं असायचं. आईच्या हातांना त्याची सवय होती, माझ्या नव्हती. आई आजारी पडली आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात आला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. पहिल्या काही दिवसांतच भाताच्या पातेल्यानं दोन्ही हातांची बोटं पोळून निघाली. मी ओरडलेसुद्धा नाही. त्या घरात तेव्हा कुणीच आवाज करत नव्हतं.

आईला क्षय झाला होता. डॉक्टरांनी अंथरूण वेगळं करायला सांगितलं, म्हणून परसातली लाकडांची खोली रिकामी करून तिला तिथं ठेवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. टिळकवाडीतल्या शेजारणींना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. आप्पा कचेरीतून आले की परसाच्या दारात उभे राहून "बरं आहे ना?" एवढं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत वळायचे. आप्पांवर मी तेव्हा चिडायला हवं होतं. तेही जमलं नाही.

घर सांभाळायला निपाणीहून आप्पांची थोरली बहीण आली, माझी आत्ती. तिनं आल्या आल्या फर्मान काढलं की पोरीनं मागं आईच्या खोलीकडे जायचं नाही. जेवणाचं ताट ती स्वतः नेऊन ठेवायची; चूल मात्र माझ्याकडेच राहिली.

माझी बोटं आईनं लांबूनच पाहिली, मी परसात भांडी घासत असताना. तिनं आत्तीला हाक मारली.

"वन्सं, हिला एक जाड मसोतं विणायला शिकवते. भांडं धरायला बरं पडेल."

"तू शिवलेलं चुलीपाशी नको बाई."

"मी कशाला शिवू? सुया तिच्या हातात, तोंड तेवढं माझं."

आत्तीनं बराच विचार केला आणि मला म्हणाली, "मसोतं पुरं हुईस्तवर लांब बसून शीक जा. पुरं झालं की परत मागं फिरकायचं न्हाय." आत्तीचा आणखी एक नियम होता: हातात घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही, ते घराला बाधतं. या दोन नियमांची गाठ पडली तर काय होईल हे तिच्या ध्यानात आलं नाही. आईच्या आलं.

लढाईचे दिवस, बाजारात सूत दिसत नव्हतं. खासबागेत विणकरांच्या घरी मागावरचे उरलेले तुकडे असत, ते आप्पांनी एका ओळखीच्या घरून पिशवीभर आणले. मी ते गाठी मारून जोडले आणि चार पदर एकत्र पिळले. सुया म्हणजे मोडक्या छत्रीच्या काड्या. दोन मला, दोन आईला. दुपारची भांडी झाली की मी धुण्याच्या दगडावर बसायची आणि आई तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर. ती तिच्या तुकड्यावर करून दाखवायची, मी माझ्यावर.

"सुई आत घाल. सूत फिरव. आता हळू ओढून घे. अगं, विहिरीवरचा पोहरा ओढतेस का?"

मध्येच तिला खोकला यायचा. तो थांबेपर्यंत मी मसोत्याकडे बघत बसायची. आम्ही टाक्यांशिवाय दुसरं काही बोललो नाही. ती कशी आहे हे मी विचारलं नाही, मी कशी आहे हे तिनं विचारलं नाही.

मसोतं वीतभर झालं तेव्हा मी म्हटलं, "आई, आता टाके बंद कसे करायचे?"

"घाई काय आहे? होऊ दे अजून थोडं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. ती हसली. "सगळं आजच शिकलीस तर उद्या काय निमित्त काढून येशील गं?"

एकदा आत्तीनं ते हातात धरून बघितलं. "मसोतं हाय का पटका गं ह्यो? कुणाच्या डोस्क्याला गुंडाळणार हायस?" मी ते जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिथं मधल्या ओळीत टाका सुटलाय बघ. तिथपर्यंत उसव." मी बघितलं. टाका कुठंच सुटला नव्हता. मी उसवलं. असं पुष्कळदा झालं. सुताला तूस सुटलं, गाठी सैल पडल्या. न बघता विणायला येऊ लागलं, मग मी दगडावर बसून नुसती भिंत बघत विणायची.

थंडी पडली तशी आई उंबऱ्यावर यायची बंद झाली. मी तशीच येऊन बसायची. आतून ती विचारायची, "विणतेस ना?" मी म्हणायची, "हो." एके दुपारी आतून कुणी विचारलं नाही.

बायका म्हणाल्या पोरगी दगड आहे, डोळ्यांत पाणी नाही. खरंच नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. आणि काहीच वाटत नाही याची भीतीसुद्धा वाटत नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर आईचं अंथरूण, लुगडी, सगळं परसाच्या कोपऱ्यात जाळलं. तिचं विणकाम त्यावरच टाकलं. राखेत छत्रीच्या काड्या तेवढ्या उरल्या. मग आत्ती म्हणाली, "ते मसोतं पुरं करून टाक बाई आता. अर्धं काम घरात नको." आणि थांबून म्हणाली, "पर बंद करायला तिनं शिकवलंच न्हाय न्हवं?"

मी चुलीपाशी बसले. दोन टाके विणायचे, मागचा पुढच्यावरून काढून टाकायचा, असं करत शेवटपर्यंत जायचं. चहाला आधण येईतो झालंसुद्धा. शेजारची मुलगी भावासाठी गळपट्टा विणायची, तिनं कुंपणापाशी मला अगदी सुरुवातीलाच दाखवलं होतं. म्हणजे आईला मी रोज जे विचारत होते ते मला येत होतं.

"येवढ्यात हुतंय व्हय हे?" आत्ती म्हणाली.

"व्हय."

ती परसाच्या दाराकडे बघत राहिली. मग मसोतं घेतलं, सोडा घालून उकळलं आणि दोरीवर वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मसोत्यानं भाताचं पातेलं उतरवलं. हात जरासुद्धा भाजला नाही. भाजायला हवा होता. निदान ओरडता आलं असतं.