न नेलेल्या कपड्यांचं फडताळ

गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन कुणी आलं, की बटणमावशी ते लगेच आत घेत नाही. गाठोड्यावर हात ठेवते आणि विचारते, "धुवायचेच आहेत ना? घरी सगळ्यांना विचारलंय?" गिऱ्हाईक बावचळतं. लाँड्रीत आणलेले कपडे धुवायचे नाहीत, तर काय त्यांच्याशी गप्पा मारायच्या? शेजारचा चपला शिवणारा तर म्हणतो की ही बाई एक दिवस आलेलं काम परत पाठवून पाठवून दुकानाला कुलूप लावणार. मावशी हसते. पण सत्तरी उलटली तरी विचारायचं काही सोडत नाही.

हा प्रश्न तिच्या आठव्या वर्षी जन्मला. लाँड्री तेव्हा तिच्या वडिलांची होती. पुढे काउंटर, त्यामागे वडिलांचं इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत आईचे धुण्याचे हौद, आणि मधे दोरीवर बाराही महिने ओले कपडे. टेबलाखाली बसून ही पोर गिऱ्हाइकांची तुटलेली बटणं शिवायची, म्हणून तिचं नाव बटण पडलं. तिचा चार वर्षांचा भाऊ सगळ्यांचा नुसता धाकटा. ताई जाईल तिथे हे शेपूट मागे.

टेबलासमोर भिंतीत एक फडताळ होतं. कपडे टाकून गेलेली आणि परत न फिरकलेली माणसं काही थोडीथोडकी नसतात. त्यांची पुडकी तिथे रचलेली असत, प्रत्येकाला शाईने आकडा घातलेली चिंधी टाचलेली. आई कुरकुरायची, देऊन टाका एकदाची, जागा अडते. वडील इस्त्री न थांबवता म्हणायचे, "कपडे इथे आहेत म्हणजे माणूस येणार. उघडा जाऊन जाऊन जाणार कुठे?"

वडिलांनी केलेली ती थट्टा होती. टेबलाखालच्या दोघांनी मात्र ती काळ्या दगडावरची रेघ मानली. सोनेरी बटणांचा कोट बोटीच्या कप्तानाचा ठरला. तो समुद्रात वाट चुकला होता. पांढरे हातमोजे जादूगाराचे. त्याने स्वतःलाच गायब केलं होतं आणि परत यायचा मंत्र तो विसरला होता. यथावकाश कप्तानाने जादूगाराला बोटीवर घेतलं आणि बोट रोज दुपारी थोडी थोडी जवळ येऊ लागली. धाकटा दाराशी जाऊन बघून यायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "अजून नाय."

त्या थंडीत धाकट्याला ताप भरला आणि पाच दिवसांत त्याच्यावाचून घर रिकामं झालं.

बटणला कळलं नव्हतं असं नाही. रडणारी माणसं तिने पाहिली होती, रिकामं अंथरूण पाहिलं होतं. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. धाकट्याच्या उशाशी त्याचा निळा स्वेटर पडला होता. आईने विणलेला, डावी बाही बोटभर लांब. तापातही त्याने तो अंगावरून काढू दिला नव्हता. बटणने तो उचलला. मळका कपडा फडताळात ठेवायचा नाही, हा दुकानाचा नियम. म्हणून तिने तो साबणाने दोनदा धुतला, सावलीत वाळवला, ओलं फडकं घालून हलकी इस्त्री फिरवली, आकड्याची चिंधी टाचली आणि पुडकं कप्तानाच्या कोटामागे सारलं. आता धाकट्याला यावंच लागणार होतं.

दोन दिवसांनी वडिलांनी त्याचे उरलेले कपडे अनाथाश्रमाला देऊन टाकले. डोळ्यांसमोर दिसले की त्यांचे हात चालत नव्हते. आई घरभर स्वेटर शोधत होती. तो त्या गाठोड्यात नव्हता, असं वडिलांनी शपथेवर सांगितलं. आईला ते पटलं नाही, आणि त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं थांबलं.

मग निरोप सुरू झाले. "सांग तुझ्या बाबांना, पाणी तापलंय." बाबा हातभर अंतरावर. "सांग तुझ्या आईला, ऐकू आलं." बटण मधे उभी राहून दोन्ही निरोप पोचवायची. स्वेटर कुठे आहे हे तिच्या ओठांवर दिवसातून दहादा यायचं. पण पुडकं खाली काढलं की मालकाचं येणं संपतं, हेही तिनेच ठरवलेलं होतं. ती रोज दुपारी दाराशी जायची. बोट हाकेच्या अंतरावर आली होती. धाकटा कप्तानाच्या खांद्यावर बसलेला तिला दिसत होता.

थंडी सरता सरता एका दुपारी आई बॅग भरून बाहेर आली. "सांग तुझ्या बाबांना, मी बहिणीकडे चाललेय. परत यायचं नाही."

बटणने निरोप पोचवला नाही. वडिलांनी मान वर केली नाही, पण त्यांची इस्त्री एका सदऱ्यावर थांबली ती थांबलीच. कापड करपल्याचा वास सुटला. आयुष्यात त्यांनी एकही कपडा जाळला नव्हता.

बटण स्टुलावर चढली. कप्तानाचा कोट बाजूला केला. क्षणभर तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तिने पुडकं काढून काउंटरवर ठेवलं.

"तो येणार होता," ती म्हणाली. "त्याला अजून थोडा वेळ लागला असता."

आईने कागद फाडला. स्वेटर दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि खोल श्वास घेतला. मग गळ्याशी हुंगलं, काखेत हुंगलं, लांब बाही उलटी करून हुंगली. हरवलेलं काही चाचपडावं तसं तिचं नाक त्या लोकरीवरून फिरत राहिलं.

"धुतलास?"

"दोनदा," बटण म्हणाली. तिला वाटलं होतं, आई शाबासकी देईल.

आई टेबलाकडे वळली. मग कितीतरी आठवड्यांनी ती थेट नवऱ्याशी बोलली. "साबणाचा वास येतोय हो."

वडील टेबलामागून आले. त्यांनीही स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. दोघांची डोकी एकाच कपड्यात, खांदे हलत होते, आणि मागे सदरा जळत होता. बटणला तेव्हा उमगलं, की धाकटा एवढे दिवस त्या स्वेटरमध्येच होता आणि तिने त्याला आपल्या हाताने धुऊन टाकलं होतं.

आई गेली नाही. तिने बॅग रिकामी केली. पोरीला जवळ घेऊन म्हणाली, "छान धुतलायस." ते दोन शब्द मावशीला आजही शिवीपेक्षा जड वाटतात.

परवा एक तरुण मुलगी वडिलांचे सदरे घेऊन आली. मावशीने नेहमीचं विचारलं. मुलगी जरा थांबली, मग गाठोड्यातून एक चुरगळलेला सदरा काढून तिने पिशवीत परत ठेवला.

"हा राहू दे," ती म्हणाली.

मावशीने बाकीच्यांना आकड्याची चिंधी टाचली आणि ती मुलगी रस्ता ओलांडेपर्यंत दाराशी उभी राहिली.