चमचाभर कुंदा

बेळगावजवळच्या मच्छेत ज्या लेथवर मी पंपाचे शाफ्ट करून घेतो, तिथले अण्णा दर दोन तासांनी मशीन बंद करतात, हात पुसतात आणि डब्यातले भाजके शेंगदाणे एकेक करून खातात. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. गोड खाल्लं की त्यांची रक्तातली साखर आधी चढते आणि मग एकदम कोसळते. हात थरथरतात, घाम सुटतो, आवाज चढतो. तसल्या हातानं लेथ चालवायचा नाही, हा त्यांचा नियम; म्हणून गोड वर्ज्य आणि पोटाला शेंगदाण्यांचा आधार.

गुऱ्हाळं सुरू झाली की गावाकडची माणसं त्यांना ताजा गूळ आणून देतात. अण्णा नको म्हणत नाहीत. कपाळाला लावून ठेवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातलाच खडा नि तांब्याभर पाणी देतात.

परवा मुलीला नोकरी लागली, तसा मी खव्याचा गोड कुंदा घेऊन गेलो. आनंदात त्यांचं पथ्य विसरलोच. त्यांनी आधी कुंद्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं.

"शाफ्ट आजच पायजे व्हय?"

"उद्या चालेल."

त्यांनी लेथ बंद केला. चमचाभर कुंदा तोंडात टाकून डोळे मिटले.

"लई वर्सांनी खाल्लो," ते म्हणाले. "आता बसा बोलत. मी चिडलो तर मनावर घेऊ नका."

मी बसलो. दोन तासांनी ते खरंच चिडले, कुंद्याच्या डब्याला झाकण नीट लावलं नाही म्हणून. मी झाकण लावलं आणि शेंगदाणे त्यांच्या पुढ्यात सरकवले.